वापरण्यापूर्वी चांगले हलवावे

आपली सून नेमकं काय काम करते, हे सासूबाईंनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं, आणि जिन्यात भेटेल त्याला त्या तेच सांगत. "आमची सून पेशींना गप्प बसवते," त्या म्हणत. ऐकणारा चाट पडे. सासूबाईंसारखी बाई ज्या घरात नांदते, तिथल्या सुनेनं गप्प बसवण्याचं एवढं शिक्षण घ्यावं आणि ते पेशींवर खर्च करावं, याचं कुणालाही नवल वाटलं असतं. पण तसं तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

तसं पाहिलं तर त्यांचं म्हणणं फारसं चुकीचं नव्हतं. सूनबाई एका मोठ्या प्रयोगशाळेत अगदी छोट्या आरएनएंवर काम करायची. (प्रयोगशाळेत तिला मॅडम म्हणत आणि घरी सूनबाई. गोष्ट घरची आहे, तेव्हा आपणही सूनबाईच म्हणू.) लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ते समजावून सांगितलं होतं. पेशीनं कुठली प्रथिनं बनवायची, याच्या मूळ सूचना आत डीएनएमध्ये जपून ठेवलेल्या असतात. मूळ प्रत कुणी बाहेर नेत नाही. लागेल तेवढ्या भागाची नक्कल करतात आणि ती बाहेर पाठवतात. ती नक्कल म्हणजे आरएनए. नक्कल वाचली की प्रथिन तयार. पण काही आरएनए इतके चिमुकले असतात की त्यांच्यावरून काहीच बनत नाही. बरीच वर्षं तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मग कळलं की ही चिमुकली मंडळी जाऊन मोठ्या नकलांना चिकटतात, आणि चिकटली की ती नक्कल कुणी वाचत नाही.

"म्हणजे स्वतः काही करायचं नाही, आणि दुसऱ्याचं चाललेलं थांबवायचं," सूनबाईनं सांगितलं होतं. "पण ते वेळेवर थांबलं नाही ना, तर पेशी ऐकेनाशा होतात. वाटेल तशा वाढत सुटतात. मग कर्करोगसुद्धा होतो."

"स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्याचं थांबवायचं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "अगदी ह्यांच्यासारखं."

'हे' म्हणजे आप्पा, सूनबाईचे सासरे. ते तेव्हा समोरच बसून ब्रेडला लोणी लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आप्पांचा उभा जन्म औषधांच्या दुकानात गेला होता. औषधं डब्यांत बंद होऊन यायला लागण्याआधीच्या काळातलं दुकान ते. मिक्श्चरं तिथेच बनत, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून किती घोट घ्यायचे ते दाखवलं जाई. दुकान केव्हाच विकलं, पण दुकानानं आप्पांना सोडलं नव्हतं. कुठलीही बाटली हातात आली की आधी ती उजेडात धरायची, मग तिच्यावरचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, आणि मगच झाकण उघडायचं. सॉसची बाटली असली तरी तेच. बोलणं मात्र फार कमी. दिवसाला किती शब्द खर्चायचे याचं काहीतरी माप त्यांनी ठरवलेलं असावं, आणि त्यातले बरेचसे सकाळी वर्तमानपत्र मागण्यातच संपत असावेत.

घरातलं बोलण्याचं खातं सासूबाईंकडे होतं. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की नळवाल्यापासून निघून कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नापर्यंत जाई. मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, शाळेत चित्रकला शिकवायचा आणि घरी आल्यावर आईला हं हं म्हणायचा. पण सासूबाई बोलता बोलता कुणाच्या वर्मावर घसरणार असं दिसलं की आप्पा घसा साफ करत. "अहं." बस्स, एवढंच. त्यात ना राग, ना दटावणी. आणि सासूबाई थांबत. वाक्याच्या मध्यात, कधी शब्दाच्या मध्यात थांबत, आणि "असो, मला काय करायचंय" म्हणून उठून जात. सूनबाईनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आवरेना. तेव्हापासून मनातल्या मनात तिनं सासऱ्यांचं नाव चिमुकले आरएनए ठेवलं होतं.

पण आपण या माणसाला आवडतो की नाही, हे इतक्या वर्षांत तिला कळलेलं नव्हतं. सासूबाई आज आवडतेस, उद्या नाही, असं दोन्ही मोकळेपणानं सांगत. आप्पा काहीच सांगत नसत. तिच्या वाढदिवसाला ते "हं, छान" म्हणत. तिला मोठा पुरस्कार मिळाला तेव्हाही "हं, छान" म्हणाले होते. सूनबाईनं त्यातून काय ते समजून घ्यावं, असा त्यांचा हिशोब असावा, आणि तिला तर यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटल्याशिवाय काही समजून घ्यायची सवय नव्हती.

त्या वर्षी प्रयोगशाळेत रक्ताचं काम चाललं होतं. हे चिमुकले आरएनए रक्तातूनही फिरत असतात. स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्यांच्या रक्तात त्यांतल्या पाच जणांचं प्रमाण बदललेलं दिसतं, असं सूनबाईच्या हाती लागलं होतं. तो आजार पोटात लपून बसतो आणि कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. रक्तावरून त्याची चाहूल आधीच लागली तर केवढं काम होईल! मात्र त्यासाठी तुलनेला निरोगी म्हाताऱ्या माणसांचं रक्त हवं होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. सत्तरीच्या पुढचा आणि काहीएक तक्रार नसलेला माणूस मिळता मिळेना. त्या वयात तक्रार नसणं हे लोकांना कमीपणाचं वाटतं.

"माझं घे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुमची साखर, गुडघे, थायरॉईड..."

"बघा! म्हणजे माझं रक्तसुद्धा चालत नाही आता."

"मी देतो," आप्पा म्हणाले.

सासूबाईंच्या हातातला चमचा सूपमध्येच राहिला. आप्पांनी आपणहून काही देऊ केलं, ही बातमीच होती. सूनबाईनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांत वरच्या बाईंना विचारून घेतलं. त्यांना प्रयोगशाळेत मोठ्या बाई म्हणत. नाव कुठे लिहायचं नाही, नळीवर फक्त क्रमांक, वय आणि पुरुष की स्त्री एवढंच, असं त्यांनी बजावलं आणि हो म्हणाल्या.

आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. रक्त घ्यायची खोली तळमजल्यावर होती. एक सिस्टर, दोन खुर्च्या, आणि दाराबाहेर नेहमीची गर्दी. आपल्या माणसाच्या वेळी आपण आत थांबायचं नाही, हा सूनबाईचा स्वतःचाच नियम, म्हणून ती बाहेर उभी राहिली. थोड्या वेळानं आप्पा कोपरात कापूस दाबून बाहेर आले. चेहरा असा, की जणू परीक्षेचा पेपर सोपा गेलाय.

"झालं?"

"झालं."

मागून सिस्टरनं डोकं बाहेर काढलं. "मॅडम, काका फार मदतीचे आहेत हं!" सूनबाईला वाटलं, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं बोलतेय. तिनं हसून मान हलवली आणि वर निघून गेली.

पुढच्या आठवड्यात त्या नळ्यांचे निकाल आले. यंत्राच्या पडद्यावर ओळीनं रेषा उमटत होत्या, निरोगी म्हातारी मंडळी आपापल्या जागी शहाण्यासारखी बसली होती, आणि एक जण मात्र उठून पलीकडे, आजाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन उभा होता. पाचांपैकी चार आरएनए नको तिथे. सूनबाईनं नळीवरचा मजकूर पाहिला. क्रमांक. वय एकोणऐंशी. पुरुष. त्या दिवशी आलेल्यांत एवढ्या वयाचे एकटे आप्पाच होते.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच नळीतल्या उरलेल्या प्लाझ्म्यातून, म्हणजे पेशी वगळल्यावर रक्ताचं जे पाणी उरतं त्यातून, तिनं पुन्हा मोजणी केली, पुन्हा तेच आलं. मोठ्या बाई परगावी परिषदेला गेल्या होत्या, सोमवारी परतणार होत्या. चाचणी अजून सिद्ध झालेली नाही, तेव्हा एकट्यादुकट्याचा निकाल कुणालाही सांगायचा नाही, हा नियम होता आणि तो बरोबर होता. उद्या हे सगळं खोटं ठरलं तर एका म्हाताऱ्या माणसाला उगीच मरणाच्या भीतीत लोटल्यासारखं व्हायचं. आणि खरं ठरलं तर? तर एकेक दिवस मोलाचा, आणि आपण नियम कवटाळून बसलो असं व्हायचं. सूनबाई हातमोजे न काढताच खुर्चीत बसून राहिली.

त्या आठवड्यात तिच्या तोंडाला कुलूप लागलं. घरी मात्र तिचे हात ऐकेनात. आप्पांच्या ताटात मऊ बटाटे आधी वाढ, त्यांच्या खुर्चीत उशी ठेव, वर्तमानपत्र स्वतः उघडायच्या आधी त्यांना दे. मंगळवारी तिनं त्यांच्यासाठी लोकरीच्या सपाता आणल्या. बुधवारी त्यांच्याबरोबर फिरायला गेली. तिच्या चालीनं चालताना आप्पांना धाप लागली, म्हणून ती आणखी घाबरली.

सासूबाईंनी कान टवकारले. "कुठेतरी पाणी मुरतंय," त्या मुलाला म्हणाल्या, तेही सूनबाईला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. "हिला काहीतरी हवंय ह्यांच्याकडून."

"आप्पांकडे आहे काय द्यायला?" नवरा म्हणाला.

"तेच तर! मी एवढ्या वर्षांत शोधून दमले."

नवऱ्यानं एकांतात विचारून पाहिलं. सूनबाई "कामाचा ताण" म्हणाली. त्यानं तिच्या ताणाचं एक चित्र काढलं, त्यात ती सपाता हातात घेऊन एका म्हाताऱ्याच्या मागे धावत होती, आणि ते फ्रिजवर लावलं. एरवी ती पोट धरून हसली असती. त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. हा शांत माणूस आपल्याला आवडतो, फार आवडतो, हे तिला तिथे नळाच्या आवाजात पहिल्यांदा स्वच्छ कळलं, आणि त्यानं तिला आणखीच रडू आलं.

रविवारी दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या आणि नवरा खिडक्यांना रंग देत होता. आप्पा गॅलरीत बसले होते. सूनबाई त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली.

"बस," आप्पा म्हणाले.

ती बसली. आप्पांनी चहा बाजूला ठेवला.

"माझा निकाल वाईट आलाय," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

"आप्पा, कुणी सांगितलं?"

"तू. आठवडाभर सांगतेयस." त्यांनी नव्या सपाता घातलेले पाय थोडे पुढे केले. "दुकानात मी बघायचो. ज्यांच्या घरचं माणूस बरं व्हायचं असायचं, ते भांडायचे. रांग मोडायचे, सुट्ट्यावरून वाद घालायचे. आणि ज्यांचं नसायचं, ते फार गोड वागायचे. मागच्याला म्हणायचे, 'घ्या ना, आधी तुमचं घ्या.'" त्यांनी सपातांकडे पाहिलं. "तू मला आठवडाभर 'आधी तुम्ही' म्हणतेयस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आप्पा एका दमात एवढं बोललेले सूनबाईनं पाहिले नव्हते. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"तो निकाल म्हणजे निकाल नाही, आप्पा. आमची चाचणी अजून कच्ची आहे. तिच्यावरून काहीही ठरत नाही. उद्या मोठ्या बाई आल्या की विचारणार, मग डॉक्टरकडे जाऊ, नीट तपासणी करू..."

"म्हणजे वाईट आहे."

सूनबाईनं मान खाली घातली. आतून सासूबाईंचं घोरणं ऐकू येत होतं. झोपेतही त्या कुणाशीतरी वाद घालत असल्यासारखं ते घोरणं होतं.

"एक कर," आप्पा म्हणाले. "तिला इतक्यात सांगू नकोस."

"आईंना? त्यांना धक्का बसेल म्हणून?"

"ती गप्प बसेल." आप्पांनी आतल्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं. "मला ते चालायचं नाही."

सूनबाईच्या एकदम लक्षात आलं. आपण ज्याला सगळ्यांना थांबवणारा माणूस समजत होतो, तो या बडबडीवर जगतो, आणि फक्त बोलणारीला खड्ड्यात पडू देत नाही. तिचे डोळे भरून आले. आप्पांना ते दिसलं असावं, कारण ते अवघडले आणि खोकले. खोटा खोकला खरा झाला. मग त्यांनी हात लांब करून खिडकीतली खोकल्याच्या औषधाची बाटली घेतली, उजेडात धरली, आणि हलवायला लागले.

ते हलवणं बघण्यासारखं होतं. अंगठा झाकणावर, कोपर अंगाला चिकटलेलं, आणि मनगटातून असे दणके, की आतलं औषध फेसाळून वर आलं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातात एवढा जोर कुठून येतो, असं वाटावं. बाटली खाली-वर, खाली-वर, टकटक टकटक.

सूनबाई पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी जिथल्या तिथे थांबलं.

"आप्पा," ती म्हणाली, "त्या दिवशी रक्त देताना सिस्टरला काय मदत केलीत तुम्ही?"

"काही नाही. ती एकटी होती बिचारी. माझं झालं तेवढ्यात पुढच्या बाईला घेरी आली. मग तिनं नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, 'काका, एवढी जरा हलवता का?'"

"मग?"

"मग काय? हलवली."

"कशी?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर 'वापरण्यापूर्वी चांगले हलवावे' असं छापलेल्या पट्ट्या चिकटवल्या, त्याला हलवावं कसं हे विचारणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी दाखवणं झालं. त्यांनी बाटली पुन्हा उचलली आणि हलवून दाखवली.

सूनबाईनं कपाळावर हात मारला आणि चहाचा कप सांडून उठली.

आता इथे दोन शब्द सांगायला हवेत. रक्ताच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, आणि ते मिसळावं म्हणून नळी हलवायची असते हे खरं. पण ती डुलवायची असते, अलगद, झोपलेलं मूल कुशीवर वळवावं तशी. जोरानं हलवली की तांबड्या पेशी फुटतात, आणि त्यांच्यातही हे चिमुकले आरएनए ठासून भरलेले असतात. ते सगळे बाहेर येतात आणि आकडे बिघडवून टाकतात. सूनबाई ज्या पाचांच्या मागावर होती, त्यांतले चार तर तांबड्या पेशींचे जुने रहिवासी. आणि हे तिला माहीत नव्हतं असं नाही. नव्या मंडळींकडून ती हेच पहिल्या दिवशी घोकवून घेई: विचित्र आकडा आला की आधी विचारा, रक्त फुटलंय का? त्यासाठी तर खास तपासणी ठरलेली होती, फक्त ती सगळ्या नळ्यांची शेवटी एकदमच करायची, वेळ वाचतो म्हणून. दुसऱ्या कुणाचं रक्त असतं तर हा प्रश्न तिनं पहिल्या मिनिटाला विचारला असता. आप्पांचं होतं, म्हणून तिच्या एवढ्या शिकलेल्या डोक्यात तो आठवडाभर आला नाही.

ती तशीच घरातल्या कपड्यांवर प्रयोगशाळेत गेली. गोठवलेली नळी काढली, हातात धरून वितळवली आणि पांढऱ्या कागदासमोर धरली. प्लाझ्मा पिवळसर असायला हवा. हा गुलाबी होता. फार नाही, रंगाचा ब्रश एकदा बुडवून काढलेल्या पाण्यासारखा. मग तिनं ती खास तपासणीही केली. पेशी फुटल्या होत्या, आणि चांगल्याच फुटल्या होत्या. रिकाम्या प्रयोगशाळेत सूनबाई एकटीच मोठ्यानं हसली, आणि तिच्या जिवात जीव आला. पण अर्धाच. आकडे खोटे ठरले होते, आप्पा निरोगी आहेत हे अजून ठरायचं होतं.

सोमवारी मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्या हसल्या, मग रागावल्या. "घरचं माणूस अभ्यासात घ्यायला मी हो म्हणाले, ही माझी चूक. आणि तू आठवडाभर फोनसुद्धा केला नाहीस, ही तुझी. तो निकाल बाद कर. त्यांचं पुन्हा रक्त घे, आपल्या समाधानासाठी. आणि मुख्य म्हणजे त्यांना डॉक्टरकडे ने. त्या पाच आरएनएंवर माझाच अजून विश्वास नाही, तू कसला ठेवतेस?"

सिस्टरला जेव्हा कळलं, तेव्हा ती पांढरीफटक पडली. "मॅडम, मी बाकीच्यांना सांगते, उलटीसुलटी करा, हळू करा. ते काका इतके समजूतदार दिसले, म्हणून नुसतं हलवा म्हणाले हो!" दुसऱ्यांदा रक्त घेताना तिनं आप्पांच्या हाताला नळीचा वारा लागू दिला नाही. आप्पा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून शिक्षा झालेल्या मुलासारखे बसले. सूनबाई या वेळी नियम मोडून आतच उभी होती.

नवा प्लाझ्मा पिवळाधमक निघाला. पाचही आरएनए निरोगी म्हाताऱ्यांच्या रांगेत येऊन निमूट बसले. डॉक्टरांनी पोटाची नीट तपासणी केली, आणि त्यांनाही वयाखेरीज काही सापडलं नाही. सासूबाईंना मग सगळं सांगून टाकलं, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आप्पांचा चेहरा उतरायला लागला होता. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मी म्हणतच होते, आधी माझं रक्त घे!" आणि पुढे जेवण होईपर्यंत थांबल्या नाहीत. आप्पांनी दुसऱ्यांदा सूप मागून घेतलं.

रक्ताच्या खोलीत आता भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: 'नळी डुलवावी. हलवू नये.' ती सूनबाईच्या नवऱ्यानं रंगवली आहे.

डॉक्टरकडून परत येतानाची गोष्ट मात्र राहिली. सूनबाई आणि आप्पा चालतच निघाले होते, आप्पांच्या चालीनं. दुकानांच्या काचांवर ऊन पडलं होतं. एका औषधांच्या दुकानासमोर आप्पा सवयीनं थांबले आणि आतल्या बाटल्यांकडे पाहत राहिले.

"आप्पा, एक विचारू?" सूनबाई म्हणाली. "हलवली ती हलवली. पण खोकल्याचं औषध हलवायलासुद्धा एवढा दम लागत नाही. सिस्टर म्हणाली, पुढच्या बाई शुद्धीवर येईपर्यंत तुम्ही हलवतच होतात. एवढी का हलवलीत?"

आप्पांनी काचेतून नजर काढली नाही.

"औषध काय, कुणाचंही असायचं," ते म्हणाले. "ती नळी तुझ्या कामाची होती. म्हटलं, आपल्याकडून कमी पडायला नको."

सूनबाई फूटपाथवर उभी राहिली. माणसं तिला वळसा घालून जात होती. इतक्या वर्षांची सगळी 'हं, छान' तिच्या डोक्यात एकदम गोळा झाली आणि त्यांचा अर्थ आता कुठे लागला.

"आप्पा," ती म्हणाली, आणि मग तिला थांबता येईना. "मला ना इतकी वर्षं वाटायचं की तुम्हाला मी आवडत नाही. म्हणजे तुम्ही कधी बोलत नाही, मला कळायचंच नाही, आणि त्या आठवड्यात मला वाटलं की तुम्ही जाणार आणि मी कधी सांगितलंच नाही की मला तुम्ही किती, म्हणजे माझ्या वडिलांइतकेच तुम्ही मला..."

आप्पांचे कान लाल झाले होते. त्यांनी काचेतल्या बाटल्यांकडे पाहत घसा साफ केला.

"अहं."

आणि सूनबाई गप्प झाली.